एकमताने मंजूर

"ठराव सात कवा झाला?" जयवंताने विचारलं.

चहाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या ज्ञानेश सरांनी बिस्किट कपात बुडवलं. ते विभागाचे सचिव होते, एरवी हायस्कुलात इतिहास शिकवायचे. "कालच झाला की बाई. संध्याकाळी."

"संध्याकाळी मी हितंच व्हते. तिसऱ्या रांगंत. लघवीला बी उठले न्हाय."

सरांचं बिस्किट तुटून कपात पडलं. ते काढण्याच्या निमित्ताने त्यांना खाली बघायला मिळालं.

गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्या मिळून झालेल्या ल्यूथरन मंडळीच्या भीमा-नीरा विभागाचं अधिवेशन दर तीन वर्षांनी भरतं. यंदा ते बारामतीतल्या एका मंगल कार्यालयात होतं. पाळकांची झोपायची सोय वरपक्षाच्या खोलीत आणि बायकांची वधूपक्षाच्या, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांची पुष्कळ थट्टा करून घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचं इतिवृत्त वाटलं जातं. बहुतेक प्रतिनिधी त्याची घडी घालून वारा घेतात. जयवंता मात्र एकेका ओळीखाली बोट धरून वाचत होती, आणि दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"ठराव क्र. ७ : पंचवीसपेक्षा कमी सभासद असलेल्या मंडळ्यांना यापुढे उपासना केंद्र समजण्यात यावे. केंद्रांना अधिवेशनात प्रतिनिधी व मत राहणार नाही. केंद्रांचे वडील व उपासनेचे दिवस विभाग ठरवील. एकमताने मंजूर."

जयवंताच्या निरवांगीच्या मंडळीत सभासद होते एकवीस.

"कुणी मांडला ह्यो?" तिने विचारलं.

"अध्यक्षांनी. समारोपाच्या प्रार्थनेत." सर हळू आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी आमेन म्हटलं ना. तुम्हीही म्हणालात. मी मागेच बसलो होतो, चांगलं खणखणीत म्हणालात."

जयवंताचे कान तापले. तिला आठवलं. साडेपाच वाजून गेले होते, अहवालांवर अहवाल ऐकून सगळे पेंगुळले होते. विभागाचे अध्यक्ष रेव्हरंड मोहनराव यांनी हात उंचावून "डोळे मिटूया" म्हटलं आणि लांबलचक प्रार्थना केली. आजाऱ्यांसाठी झाली, शेतीसाठी झाली, धरणाच्या पाण्यासाठी झाली. मग मध्येच कुठेतरी, "आणि हे पित्या, पंचवीसच्या आतील लहान कळप केंद्ररूपाने मोठ्या कळपात सामावून घेण्याची जी बुद्धी तू आम्हांस दिलीस, तिच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो." हे तिने ऐकलं होतं. पण प्रार्थनेतलं वाक्य माणूस जसं ऐकतं तसंच ऐकलं होतं. प्रार्थना संपली, आणि आईच्या मांडीवर शिकलेला शब्द सवयीने तोंडातून बाहेर पडला.

म्हणजे आपल्याच तोंडाने आपण आपली मंडळी बुडवली. या विचाराने तिला मोहनरावांचा आला त्याहून जास्त राग स्वतःचा आला, आणि मग तो सगळा मिळून पुन्हा मोहनरावांकडे गेला.

जयवंता डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये अठरा वर्षं प्रतवारीला होती. पट्ट्यावरून सरकणाऱ्या फळांतलं डागाळलेलं फळ तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून मालक तिला पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला बसवायचा. तिच्यापुढे गेलेलं फळ थेट पेटीत जायचं. निरवांगीत पाळक महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी गीत सुरू करायला, शास्त्र वाचायला तीच उभी राहायची. गेल्या महिन्यात उपासनेनंतर सगळ्यांनी हात वर करून तिला प्रतिनिधी निवडलं. तेव्हा मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांतले सगळ्यांत जुने, गेणबा, तिला म्हणाले होते, "तितं निस्तं बसू नगं. बारामतीच्या मंडळीत तीनशे मानसं हायेत, तरी बी तिला एकच मत अन आपल्याला बी एकच. आपल्या जुन्या मानसांनी घटनेत तसं लिवलंय."

ती घटना म्हणजे खाकी पुठ्ठ्याची लहानशी पुस्तिका होती, आणि मोहनरावांना नेमकी तीच खुपत होती. तीन वर्षांमागे अध्यक्षपदाची मुदत काढून टाकायचा ठराव त्यांनी आणला आणि तो एका मताने पडला. ते मत गेणबांचं होतं. लहान मंडळ्यांचा कळवळा मोहनरावांना तेव्हापासून येऊ लागला. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. पाळकाविरुद्ध बोलायचं तर आपल्या लोकांची जीभ टाळूला चिकटते. त्यानेच बाप्तिस्मा दिलेला असतो, त्यानेच बाप पुरलेला असतो.

दहा वाजता सभा सुरू झाली. मोहनरावांनी पांढरी कॉलर सारखी केली. "कालचं इतिवृत्त आपल्या हातात आहे. कुणाची हरकत नसेल तर ते कायम करूया."

जयवंताने हात वर केला. मोहनरावांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. हात काही खाली येईना.

"बोला भगिनी."

"ठराव सातला सूचक कोन हाय? अनुमोदक कोन? बाकी समद्या ठरावाखाली नावं हायेत. हितं जागा मोकळीच हाय."

"तो प्रार्थनेत मांडला गेला." मोहनराव हसले. "देवापुढे मांडलेल्या गोष्टीला आणखी सूचक कशाला हवा?"

चार-सहा जण हसले. हसणाऱ्यांत तिच्या शेजारचा सोपानही होता. हा लोणी भापकरच्या मंडळीचा प्रतिनिधी, आणि त्याच्या मंडळीत सभासद अठरा.

"देवापुढं मांडला तर मत बी देवालाच विचारायचं व्हतं," जयवंता म्हणाली. "आमच्या आमेनचं मत कुनी केलं?"

मोहनरावांनी बाप्तिस्म्यानंतरच्या दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांना विचारावं तसं विचारलं, "आमेन या शब्दाचा अर्थ काय, भगिनी?"

"तसंच हुवो."

"मग? तसंच होवो असं तुम्ही स्वतः म्हणालात."

"व्हय, मनले. डोळं मिटून मनले. तुमीच मिटायला सांगितलं." तिचा आवाज थरथरत होता आणि तो थरथरतोय याचाही तिला संताप येत होता. "डोळं मिटलेल्या मानसाचा कागदावर अंगठा घेत न्हाईत, अध्यक्षसाहेब. तलाठी बी घेत न्हाय."

कुणी हसलं नाही. पिंपळीच्या प्रतिनिधी राजेश्वरीबाई, सरकारी दवाखान्यातल्या नर्स, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे."

मोहनरावांच्या कपाळावर आठी आली आणि लगेच गेली. त्यांनी दोन्ही हात उंचावले. "बंधुभगिनींनो, मनं तापली आहेत. पुढे जाण्याआधी प्रभूजवळ शांती मागूया. डोळे मिटूया."

पंखे फिरत होते. सगळी डोकी खाली झुकली. जयवंताचंही झुकलं, कारण प्रार्थना म्हटली की मान आपोआप खाली जाते. मोहनराव संथ, गोड आवाजात शांती मागत होते, ऐक्य मागत होते, जिभेवर ताबा मागत होते. "आणि हे पित्या, कालचे इतिवृत्त जसेच्या तसे कायम करण्याची..."

तिने डोळे उघडले. आजूबाजूला सगळी सभा माना खाली घालून बसली होती. आणि मोहनरावांचे डोळेही उघडे होते. ते तिच्याकडेच बघत होते.

"...एकदिलाची भावना आम्हांस दिल्याबद्दल, येशूच्या नावाने."

"न्हाय," जयवंता म्हणाली.

सभागृहात आमेन ओठांवर येऊन अडकलं. मागच्या रांगेतून एकदोघांचं निसटलं, तेही अर्ध्यावर विझलं. माणसं डोळे उघडून इकडेतिकडे बघू लागली. प्रार्थनेला न्हाय म्हणालेलं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"हात वर करून घ्या," ती म्हणाली. "घटनेत तसं लिवलंय. मी वाचून दावते."

वाचून दाखवायची वेळ आली नाही. मोहनरावांना गणित पाठ होतं, त्यांनी लगेच ठराव मताला टाकला. सव्वीस मंडळ्यांपैकी तेवीस हात बाजूने वर गेले. विरुद्ध तीन : जयवंता, राजेश्वरीबाई, आणि भिगवणकडचे एक म्हातारे पेन्शनर. लहान मंडळ्या सात होत्या. त्यांतल्या सहांनी स्वतःचं मत काढून घेण्यासाठी मत दिलं. सोपानचा हात तर सगळ्यांत आधी वर गेला होता.

"तुमची बी मंडळी जातीय, सोपानराव," जयवंता त्याला म्हणाली.

"पाळक हायेत आपले," सोपान इतिवृत्ताची घडी उलगडत म्हणाला. "नाराज कशाला करायचं?"

त्याच्या मुस्काटात मारावी असं तिला वाटलं. ती तशीच उठली आणि सचिवांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. "एकमतानं हे खोडा, सर."

ज्ञानेश सरांनी अध्यक्षांकडे पाहिलं, मग पेन घेऊन शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं : २३ विरुद्ध ३.

"तिघांची नावं लिवा."

"नावं लिहायची पद्धत नाही, बाई."

"आमेनचं मत करायची तरी कुठं व्हती?"

सरांनी नावं लिहिली. तिने ती वाचली, तिच्या नावातला राहिलेला अनुस्वार द्यायला लावला, आणि मगच ती जागेवर गेली.

रविवारी निरवांगीच्या उपासना मंदिरात तिने सगळं सांगितलं. स्वतःचं आमेनही लपवलं नाही. "म्या बी मनले," ती म्हणाली. "खणखणीत मनले." कुणी तिला बोल लावला नाही. गेणबा नुसते म्हणाले, "मी असतो तरी मनलो असतो." हे ऐकून तिला जास्तच वाईट वाटलं, कारण ते खरं होतं.

मंदिराच्या पाटीवरचा "मंडळी" हा शब्द पुसून तिथे "केंद्र" आलं. पाळकांची महिन्यातली एक उपासना दोन महिन्यांतून एक झाली, तीही शनिवारी, कारण रविवारी पाळकांना बारामती सांभाळायची असे. आणि पहिल्या शनिवारी संदेश नावाचे नवे पाळक मोटरसायकलवरून आले. तरणा, हसतमुख माणूस. प्रवचन चांगलं झालं. शेवटी त्यांनी हात उंचावले. "डोळे मिटूया."

जयवंताने मिटले नाहीत. आपण एकटीच असू म्हणून तिने हळूच शेजारी पाहिलं. कौसल्येचे डोळे उघडे होते. पलीकडच्या बाकावरच्यांचे उघडे होते. गेणबा काठीवर दोन्ही हात ठेवून, हनुवटी वर करून पाळकांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. एकवीस माणसं उघड्या डोळ्यांनी बसली होती, आणि त्यांच्यापुढे एकटे संदेश पाळक डोळे मिटून प्रार्थना करत होते. ती नीट प्रार्थना होती, त्यांनी आजाऱ्यांची नावंसुद्धा आठवणीने घेतली. ती संपली आणि ते आमेनची वाट बघत थांबले. आमेन आलं नाही, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"झालं का समदं सांगून?" गेणबांनी विचारलं.

"हो, आबा."

"मग पयल्यापास्नं एकदा सांगा. सावकास सांगा. त्याच्यात देवाचं काय अन हापिसचं काय ते आमी बगतो. मग आमेन मनू."

संदेश पाळकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी समोरच्या उघड्या डोळ्यांकडे बघत एकेक वाक्य पुन्हा म्हणायला सुरुवात केली. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत आणि गेणबा मान हलवत.

जयवंताला वाटलं होतं, असं काही झालं की आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. डोळे मिटून प्रार्थना करायला तिला फार आवडायचं.