अंगठ्याचं नख

गिऱ्हाइकांच्या हेल्मेटांवर त्याच त्या कवट्या काढून मला इतका वीट आला होता, की रंग फवारायचा एअरब्रश माळ्यावर फेकून दिला. बायको गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून आज तो खाली काढला. आता गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. फक्त माझ्यासाठी एक पक्षी काढायचा होता.

एअरब्रशची सुई पुसली, निळा रंग भरला, कॉम्प्रेसर सुरू केला.

पहिला फवारा मी नेहमी शेजारी स्टुलावर बसलेल्या बायकोच्या अंगठ्याच्या नखावर मारून बघायचो. मग दिवसभर ती ते रंगीत नख मिरवत घरात फिरायची.

"अगं, अंगठा दे लवकर," मी नेहमीसारखा खेकसलो आणि बाजूला वळून फवारा मारलासुद्धा.

तिच्या रिकाम्या स्टुलावर नखाएवढा निळा ठिपका उमटला.