गॅरीच्या नावाचा शर्ट

मी शर्ट बोलतोय. गडद निळा, दोन खिशांचा, कोपरावर काळ्या ग्रीसचे न निघणारे डाग असलेला. डाव्या खिशावर लाल धाग्यानं ‘गॅरी’ असं नाव भरलेलं आहे. त्यावर जाऊ नका. गॅरीनं मला जेमतेम पाच महिने घातलं. पुढची सात वर्षं ज्यानं घातलं त्याचं नाव वाल्मिर. मग मी नेमका कुणाचा? हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं.

माझा जन्म होंडुरासचा. कॉलरच्या आत तशी चिठ्ठी होती, धुवून धुवून ती आता कोरी झाली आहे. एका खोक्यात दाटीवाटीनं बसून आम्ही भावंडं जहाजानं अमेरिकेत आलो. बंदरात खोक्यावर शिक्का बसला आणि आम्ही सुटलो. किती दिवस राहणार, काम करणार का, असं आम्हाला कुणीही विचारलं नाही. आम्ही तर कामासाठीच आलो होतो! माणसांची गोष्ट वेगळी असते हे मला पुढे कळलं.

मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावात कॉस्टास नावाच्या माणसाचं टायरचं दुकान आहे. त्यानं आपल्या कारागिरासाठी, म्हणजे गॅरीसाठी, माझ्यावर नाव भरून घेतलं. गॅरी थंडीला वैतागून फ्लोरिडाला गेला तो गेलाच. मी खुंटीला लटकत राहिलो.

मग वाल्मिर आला. ब्राझीलमधल्या वालादारेसचा. पर्यटकाच्या व्हिसावर विमानानं आलेला, सहा महिन्यांनी परत जायचं होतं, वर्ष उलटलं तरी गेला नव्हता.

“कामाची परवानगी?” कॉस्टासनं विचारलं.

“येईल.”

“येईल तेव्हा येईल. तो शर्ट घाल. नवं नाव भरायला मला वेळ नाही, आणि तू तरी किती दिवस टिकतोस कुणाला ठाऊक!”

तेव्हापासून वाल्मिर गॅरी झाला. गिऱ्हाईक ओरडायचं, “ए गॅरी, हवा बघ रे!” आणि तो म्हणायचा, “आलो!” मला वाटलं, माणसं कामावर येताना नाव घरी ठेवून येत असतील.

तीन वर्षं अशीच गेली. एका दुपारी कुणीतरी आरोळी ठोकली, “तपासणीवाले आले!” वाल्मिरनं मला अंगावरून ओरबाडलं आणि टायरांच्या ढिगावर भिरकावलं. एक गणवेशातला माणूस आत आला. त्यानं मला दोन बोटांत उचललं आणि विचारलं, “हा कुणाचा?”

वाल्मिर नुसत्या बनियनवर उभा होता. म्हणाला, “माझा नाही.”

तो माणूस आग विझवायच्या नळकांड्यांवरची तारीख बघायला आला होता. तो गेल्यावर सगळं दुकान पोट धरून हसलं, वाल्मिरही हसला. मला मात्र ते लागलं. सकाळपासून माझ्यात घाम गाळायचा आणि चारचौघांत ओळख द्यायची नाही, ही कुठली रीत?

पुढच्या वर्षी नाडीन आली. ती शाळेची बस चालवते, पण तिच्या स्वतःच्या गाडीच्या चाकात खिळा घुसला होता.

“गॅरी, आज होईल का रे, की इथेच मुक्काम करू?”

“माझं नाव गॅरी नाही.”

“मग शर्ट कुणाचा चोरलास?”

वाल्मिरला इतकं हसू आलं की हातातला पाना पडला. त्यानं खरं नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाली, “छान आहे. पण मी गॅरीच म्हणणार. शर्टाला वाईट वाटायला नको.”

त्या दिवशी मी तिचा झालो. वाल्मिर तिचा व्हायला अजून महिनाभर लागला. कॉस्टासनं तिच्या फोनवर दोघांचा फोटो काढला: ती, तो, खिळा आणि मी. पुढे दोन वर्षं ते कुठे ना कुठे भेटत राहिले. तो कामावरून थेट जायचा, त्यामुळे प्रत्येक फोटोत मी होतोच. मग नगरपालिकेत लग्न लागलं. नाडीनची आई इवोन हिनं मक्या-घेवड्याचा काशुपा एवढा शिजवला की अख्खी इमारत जेवली.

लग्नानंतर कागद सुरू झाले. नाडीन जन्मानं इथली नागरिक, त्यामुळे वाल्मिरला इथेच राहून ग्रीन कार्ड मागता येत होतं. मिळालं तर संसार इथेच; नाही मिळालं तर त्याला देश सोडायला लावतील, आणि एकदा बाहेर पडला की कित्येक वर्षं परत येता येणार नाही. दोघांच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता.

इथल्या ब्राझीलच्या माणसांची एक खोड आहे. बेकरीत पाव आणायला जातात आणि सल्ला घेऊन येतात. कोपऱ्यातल्या टेबलावर निवाल्दो नावाचे गृहस्थ बसतात. ते वकील नाहीत, पण सगळ्या गावाचे फॉर्म भरतात.

“परवानगीशिवाय काम केलं का?” निवाल्दोंनी फॉर्म वाचला आणि स्वतःच उत्तर दिलं, “नाही! टायर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. भेट कुठे झाली?”

“दुकानात,” नाडीन म्हणाली.

“चर्चमध्ये. देवाच्या दारात भेटलेल्यांवर कोण शंका घेतंय?”

“अहो, मी वर्षातून एकदा चर्चला जाते.”

“मग त्याच एका दिवशी भेटलात!”

घरी येऊन वाल्मिर कात्री घेऊन बसला. लग्न खरं आहे हे दाखवायला फोटो हवे होते आणि बहुतेक फोटोंत मी होतो. त्यानं सगळ्यांत स्वतःला गळ्यापासून खाली कापून टाकलं. मला दान करायच्या कपड्यांच्या पिशवीत कोंबलं. मी आतून ऐकत होतो. तो म्हणायचा ईस्टरला भेटलो, ती म्हणायची नाताळात. खरं घडलेलं कधी पाठ करावं लागलं नव्हतं, हे खोटं मात्र दोघांच्या लक्षातच राहीना. प्रेम केलं हे सिद्ध करा आणि कुठे केलं ते लपवा! माझं तर डोकंच चालेना.

ग्रीन कार्डच्या मुलाखतीच्या सकाळी इवोनची धांदल उडाली. लग्नाच्या फोटोची काचेची चौकट न्यायची होती. “काच फुटेल गं!” म्हणत तिनं समोरच्या पिशवीत हात घातला. हाताला लागलो मी. तिनं चौकट माझ्यात गुंडाळली आणि थैलीत ठेवली.

सरकारी खोलीत चष्म्याला साखळी लावलेल्या बाई होत्या. त्यांनी दोघांना उजवा हात वर करायला लावून खरं बोलण्याची शपथ दिली. मग विचारलं, “पहिली भेट?”

“चर्चमध्ये. ईस्टरला,” वाल्मिर म्हणाला.

“नाताळात,” नाडीन त्याच क्षणी म्हणाली.

बाईंनी काहीतरी लिहिलं. कापलेले फोटो हातात घेतले. “हे असे अर्धे का?”

नाडीन गडबडली. “थांबा, मोठा फोटो आहे. गॅरी, ती थैली दे.”

“गॅरी कोण?”

बाईंनीच थैली ओढली, गुंडाळी सोडली, आणि मी टेबलावर पसरलो, लाल नाव वर करून. त्यांनी ते वाचलं.

“हा शर्ट कुणाचा?”

“माझा नाही,” वाल्मिर म्हणाला.

तेच शब्द. या वेळी मी रागावलो नाही, मला त्याची कीव आली. त्याच्या नखांत अजून माझ्यावरचंच ग्रीस होतं.

नाडीननं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “त्याचाच आहे,” ती म्हणाली. “माझ्या चाकात खिळा गेला होता. यानं काढला, हाच शर्ट घालून. चर्च-बिर्च सगळं खोटं. हे बघा.” तिनं फोनमधला न कापलेला फोटो समोर धरला आणि नवऱ्याला म्हणाली, “तुला पाठवलं तर मी वालादारेसला येईन. शाळा तिथेही असतील, बसही असतील. पण असल्या थापांवर संसार नको रे.”

वाल्मिरनं मान खाली घातली. मग एकेक शब्द आला. “सात वर्षं. रोज. परवानगी नव्हती. फॉर्मवर खोटं लिहिलं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही व्हिसा दाखवून रीतसर आत आलात. बायको नागरिक आहे. नागरिकाच्या नवऱ्याच्या अर्जाला असं काम आड येत नाही. आड येतं ते खोटं.”

“म्हणजे... लपवायला नकोच होतं?”

“नव्हतंच.”

खोलीत आम्ही तिघं, नवरा, बायको आणि मी, सारखेच चक्रावलो. इतकी वर्षं जे लपवण्यात घालवली ते माफ होतं, आणि माफ नव्हतं ते त्यासाठी केलेलं लपवणं. माणसांनी एवढे कायदे केले, ते बेकरीत पोहोचायची सोय का केली नाही?

बाईंनी लाल पेनानं उत्तरं दुरुस्त केली, प्रत्येक ठिकाणी वाल्मिरची सही घेतली. “आपणहून सुधारलंत हे नोंदवते. निकाल आज सांगत नाही. पोस्टानं येईल.”

नऊ आठवडे वाट पाहिली. इवोन रोज म्हणायची, “माझ्याच हातानं घात केला.” मग एक लिफाफा आला. तो उघडून वाल्मिर जमिनीवर बसला. नाडीननं माझ्यातच तोंड खुपसलं आणि रडून मला ओलं केलं.

आता दुकानात त्याला नवा शर्ट आहे, त्यावर स्वतःचं नाव. मला वाटलं, आपण संपलो. पण कार्ड हातात आल्यावर तो नऊ वर्षांनी आईला भेटायला निघाला आणि त्यानं मला बॅगेत घातलं. सध्या मी वालादारेसच्या अंगणात दोरीवर वाळतोय. तुम्हाला हात जोडून सांगतो, तुमचा घाम टिपणाऱ्याला कधी परकं म्हणू नका. ऐकून घेणं फार जड जातं.

आज सकाळी त्याच्या आईनं चष्मा चढवून माझा खिसा वाचला. आत जाऊन ती कात्री घेऊन आली.

“कुणाचा रे हा? दे, नाव उसवून तुझं घालते.”

वाल्मिरनं तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

“राहू दे, आई. माझाच आहे.”