आम्ही शिट्टीकडून

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. माझे उजवीकडचे बटण सैल झाले आहे, पाठीमागचे झाकण रबरबँडच्या भरवशावर आहे आणि पुढच्या जाळीचा एक कोपरा वितळून आत गेला आहे. जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. कारखान्यात एका लांबलचक टेबलाशी बायका ओळीने बसलेल्या असत. एकीने माझ्या तारा जोडल्या, दुसरीने झाकण लावले आणि शेवटच्या बाईने बटण फिरवून कान जवळ आणला. माझ्या पोटातून गाणे निघाले तशी ती शेजारणीला म्हणाली, "हा बघ, गोड गळ्याचा निघाला!" तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच असतो.

मला विकत घेतले एका इस्त्रीवाल्यांनी. तेच माझे मालक. त्यांच्या दुकानात एक टेबल, त्यावर घडी करून अंथरलेली जुनी चादर, कोपऱ्यात गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे आणि टेबलाच्या वर भिंतीत एक खिळा. त्या खिळ्याला मी लटकायचो. मालक कपड्यावर पाणी शिंपडायचे आणि माझ्या गाण्याच्या ठेक्यावर इस्त्री फिरवायचे. एकदा खिळा निखळला आणि मी थेट तापलेल्या इस्त्रीवर पडलो. कोपरा वितळला तो तेव्हाचा. "गळा शाबूत आहे ना, मग झालं," असे म्हणून मालकांनी नवा खिळा ठोकला.

घरात आणखी दोघी होत्या. एक मालकांची मुलगी आणि दुसरी तिची आत्या, म्हणजे मालकांची थोरली बहीण. मुलीची आई लवकर गेली, तिला वाढवले ते आत्याने. पोर लहानपणापासून जरा काही खुपले की उडायची, म्हणून तिला सगळे ठिणगीच म्हणत. रविवारी दुपारी गाणी बंद होऊन फुटबॉलच्या सामन्याचे धावते वर्णन लागायचे. मालक लगेच हात वर करून दुसरे स्टेशन लावायचे. ठिणगी स्टुलावर चढून पुन्हा सामना लावायची. एकाला गाणे पाहिजे, दुसरीला गोल, आणि कान पिळला जायचा माझा. बटण सैल झाले ते या बापलेकीमुळेच.

ठिणगी मोठी झाली आणि खेळाडू न होता रेफरी झाली. मालकांना हे काही केल्या पटेना.

"खेळायचं तर खेळ की," ते म्हणायचे. "दुसऱ्यांच्या भांडणात शिट्टी घेऊन कशाला घुसायचं?"

"भांडण होऊ नये म्हणूनच शिट्टी असते, बाबा."

"आणि दोन्हीकडच्या शिव्या कुणाला?"

यावर ठिणगी नुसती हसायची.

दरम्यान मोबाइल आले. गिऱ्हाइके आपापली गाणी खिशात घालून यायला लागली. माझी रवानगी फळीवर, खळीच्या डब्यामागे झाली. माझ्या अंगावर धूळ बसली, सेल काढून घेतले गेले, आणि आपला आवाज कसा होता हेसुद्धा मला आठवेनासे झाले. खरे सांगतो, फार वाईट वाटायचे.

मग एके दिवशी ठिणगीला बोलावणे आले. मोठ्या, व्यावसायिक संघांचा सामना, आणि मुख्य रेफरी ती. मालकांनी तिचा काळा गणवेश स्वतः इस्त्री केला. कॉलर पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. निघताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही येऊ नका हं. लोक काय काय बोलतात, तुम्हाला ऐकवणार नाही. आणि वर परीक्षक बसलेले असतात. आज नीट झालं तर या सामन्यांत टिकले, नाही तर परत खाली."

"बरं," मालक म्हणाले.

ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तशी आत्या म्हणाली, "चल, चपला घाल."

"नको म्हणाली ना ती."

"तुला नको म्हणाली. मला कुठे काय म्हणाली?"

मालक थोडा वेळ उगाच चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत उभे राहिले. मग त्यांनी फळीवरून मला काढले, फुंकर मारली आणि नवे सेल घातले. "खेळातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, ताई. हा सांगेल," ते म्हणाले. त्या वेळी मला जो आनंद झाला तो कुणाला सांगून कळायचा नाही.

मैदानाच्या दारावर पहारेकऱ्याने आम्हाला अडवले. "काका, हे काय?"

"रेडिओ."

"आत सामना आहे, काका. तो डोळ्यांनी बघायचा असतो." त्याने माझे झाकण काढून पोटात डोकावून पाहिले आणि हसत हसत रबरबँड पुन्हा चढवला. माझा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

जिना चढून वर आलो आणि मालक जागीच थबकले. समोर हिरवेगार मैदान होते आणि चहूकडे नुसती माणसे. मी आयुष्यभर सामन्यांचा गोंगाट पोटातून काढत आलो, पण तो माझ्या एवढ्याशा स्पीकरमधून निघणारा. खरा गोंगाट पायाखालून येतो, खुर्चीतून अंगात शिरतो. मालकांनी मला घट्ट धरले. त्यात त्या दोघांना हेही ठाऊक नव्हते की इथे कोण कुठे बसतो याला महत्त्व असते. आमच्या पुढेमागे सगळे निळे मफलर होते. या गावच्या निळ्या संघाच्या अगदी कट्टर लोकांत आम्ही जाऊन बसलो होतो.

शेजारी एक बेकरीवाला होता. मोठा मनमोकळा माणूस. त्याने आत्याला आधी बिस्किटे दिली आणि मग खेळ समजावून सांगितला. निळ्यांना आज जिंकायलाच हवे होते. नाही तर त्यांचा संघ पुढच्या वर्षी खालच्या गटात जाणार होता. "आज जीव टांगणीला लागलाय, मावशी," तो म्हणाला. आत्या म्हणाली, "आमचाही." कशासाठी, ते तिने सांगितले नाही.

मालकांनी माझी एका कानाची वायर लावली. म्हणजे मी जे बोलेन ते फक्त त्यांनाच ऐकू जाणार.

ठिणगीने पहिली शिट्टी वाजवली आणि मालकांनी टाळ्या वाजवल्या. ते खपून गेले, कारण सगळेच वाजवत होते. पण थोड्या वेळाने तिने निळ्यांच्या विरुद्ध शिट्टी वाजवली. सगळा स्टँड खवळून उठला, आणि त्या गदारोळात मालक एकटेच टाळ्या वाजवत होते. त्यांच्या लेखी प्रत्येक शिट्टी म्हणजे लेकीने केलेले काम, आणि काम केले की दाद द्यायची.

बेकरीवाल्याने मान वळवली. "काका, तुम्ही नक्की कुणाकडून?"

"मी... मी शिट्टीकडून," मालक म्हणाले.

आजूबाजूचे पोट धरून हसले. "पहिल्यांदाच आलेत हो," आत्या घाईघाईने म्हणाली आणि मालकांच्या दंडाला असा चिमटा काढला की माझीसुद्धा खरखर झाली.

इथेच मला माझी एक खोड कळली. मी उशिरा बोलतो. मैदानात घडते ते वर्णन करणाऱ्याच्या तोंडातून निघून, कुठकुठचा फेरा मारून माझ्यापर्यंत येते. दुकानात हे कुणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. इथे मात्र आधी लोक ओरडायचे आणि मी मागाहून सांगायचो. ज्या गोष्टीसाठी मला आणले, त्यातच मी सगळ्यांत मागे होतो.

खेळ पुढे सरकला तशी लोकांची जीभ सुटली. "ए शिट्टीवाली, घरी जाऊन भांडी घास!" मागून कुणीतरी ओरडले.

"घासते की," आत्या दातओठ खात पुटपुटली. "जेवलेलं ताट कधी तसंच टाकत नाही."

एक शिवी आली, मग दुसरी, मग तर त्यांची सवयच लागल्यासारखे झाले. आमचा भला बेकरीवालाही त्यात होता. "आंधळी आहे का ही? कुठून धरून आणलंय हिला!" मालकांनी माझा आवाज पार वर नेला. मी कानात ठणाणा करत राहिलो, तरी प्रत्येक शिवी त्यांच्यापर्यंत पोचतच होती. त्यांच्या तळहाताला घाम सुटला आणि मी दोनदा निसटता निसटता वाचलो.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. आणि मग निळ्यांचा एक खेळाडू विरुद्ध गोलपोस्टच्या अगदी तोंडाशी आडवा झाला. सगळा स्टँड एका घशाने ओरडला, "पेनल्टी!"

ठिणगी धावत आली. तिने दोन्ही हात पसरून हलवले. काही झालेले नाही, उठा, खेळा.

त्यानंतर जे उसळले तसे मी कधीच ऐकलेले नाही. लोक खुर्च्यांवर चढले. पाण्याच्या बाटल्या मैदानात पडू लागल्या. निळ्या खेळाडूंनी ठिणगीला घेरले आणि त्या घोळक्यात तिचा काळा सदरा दिसेनासा झाला. मालक उभे राहिले. आत्याने डोळे मिटून घेतले होते.

आणि मी? मी अजून मागेच होतो. माझ्या पोटात चेंडू अजून मैदानाच्या मधोमध होता. "निळ्यांनी चाल रचली आहे," मी शांतपणे सांगत होतो.

"लवकर बोल रे," मालक कळवळून म्हणाले.

बेकरीवाल्याने ते ऐकले. "काका! त्या वर्णन करणाऱ्यापुढे पडदा असतो. त्याला पुन्हा दाखवतात. रेफरीला नाही दिसत, त्याला दिसतं. काय म्हणतोय? पाय लागला का?"

"रेडिओ आहे, रेडिओ आहे," असे होत पुढची रांग वळली, मागची रांग वाकली. मघाशी ओरडणारी माणसे आमच्याभोवती श्वास रोखून उभी राहिली. आयुष्यात इतकी माणसे माझ्या शब्दाची वाट बघत कधी थांबली नव्हती.

मग माझ्या पोटातून आवाज आला. "पुन्हा पाहू या... हो, बचाव करणाऱ्याचा पाय लागलेला आहे. स्पष्ट लागलेला आहे. ही पेनल्टी द्यायलाच हवी होती. रेफरीची मोठी चूक."

मित्रांनो, मला खोटे बोलता आले असते तर त्या क्षणी मी बोललो असतो. ज्या माणसाने मला धुळीतून उचलले, त्याच्याच कानात मला हे सांगावे लागले.

ऐकले होते फक्त मालकांनी. ते जे म्हणतील ते लोक मानणार होते. आत्याने भावाचा चेहरा पाहिला आणि सगळे ओळखले. "नाही लागला म्हण," ती अगदी हळू म्हणाली. "पोर सुटेल आपली."

मालकांनी कानातली वायर काढली.

"लागला," ते म्हणाले. "पाय लागला होता. ती चुकली."

"बघा! सांगत होतो मी!" बेकरीवाल्याने दोन्ही हात वर फेकले आणि मैदानाकडे वळून शिवी द्यायला तोंड उघडले.

"आणि ती माझी मुलगी आहे," मालक म्हणाले.

आवाज काही मोठा नव्हता. पण बेकरीवाल्याचे तोंड तसेच उघडे राहिले. त्याने मालकांकडे पाहिले, आत्याकडे पाहिले. मागचा एकजण अजून ओरडतच होता. बेकरीवाला गर्रकन फिरला. "ए, गप बस! तिचे वडील बसलेत इथे."

सामना गोलाशिवाय संपला. बेकरीवाला खुर्चीत मटकन बसला आणि त्याने मफलरने डोळे पुसले. मग तो म्हणाला, "गेला हो काका आमचा संघ खाली."

"हो," मालक म्हणाले. "फार वाईट झालं. तुमचं खरं होतं."

मागच्या दारापाशी आम्ही थांबलो. ठिणगी बाहेर आली, केस ओले, खांद्यावर पिशवी. "नको म्हटलं होतं ना मी?" असे म्हणता म्हणता तिची नजर माझ्यावर पडली. मग तिने विचारले, "बाबा, काय म्हणाला रेडिओ? लागला होता?"

"लागला होता."

ती पायरीवर बसली. "मध्ये दोघं होते, बाबा. मला दिसलंच नाही. न दिसलेलं दिसलं कसं म्हणू?"

"नाहीच म्हणायचं," मालक म्हणाले. त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. "पुढचा सामना कुठे?"

"आता परत लहान मैदानावर पाठवतील. तिथे बसायला खुर्च्यासुद्धा नसतात."

"उभा राहीन."

ठिणगी त्यांच्या हातावर डोके टेकून रडली. त्याच हातात मी होतो, त्यामुळे थोडा मीही भिजलो.

तिला खरोखरच खाली पाठवले. अजून ती तिथेच आहे, पुन्हा वर जाईल की नाही ते कुणालाच ठाऊक नाही. सामना असला की दुकान बंद असते आणि आम्ही तिघे दोरीच्या अलीकडे उभे असतो.

आता आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचे असते. वापर नसेल तेव्हा आमचे सेल काढून ठेवा, नाही तर ते पोटात पाझरतात, एवढे तर आहेच. पण माझे खरे मागणे निराळे आहे. मित्रांनो, तुम्ही कधी सामन्याला गेलात तर खुशाल ओरडा, रेफरी चुकली तर चुकली म्हणा. मीही म्हणालो होतो. फक्त त्यापुढची शिवी तोंडात आली, की ती शेजारच्या खुर्चीकडे बघून देता येते का, ते एकदा पाहा.