सखूबाईचा वाफा

मिठागराच्या वाफ्यांच्या वाटपाचा प्रोग्राम लिहिताना लीयाने कुठल्या जागेत काय बसेल ते आधीच ठरवलं होतं. नावाच्या जागी अक्षरं, वाफ्याच्या जागी आकडा. आकड्याऐवजी दुसरं काही आलं की मुंबईच्या ऑफिसातलं यंत्र ते भोकं पाडलेलं कार्ड नाकारायचं. शेजारच्या टेबलावरचा कमळाकर म्हणायचा, जागा मोकळ्या ठेव, आत काय आलंय ते प्रोग्राम चालताना पाहू. लीयाला ते गबाळं वाटे. चूक दारातच अडवलेली बरी.

पनवेलच्या मिठागर सोसायटीची सगळी कार्डं आत गेली, सखूबाईचं सोडून. सखूबाई खाडीवरची उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, सांभाळायची. भरतीचं पाणी केव्हा आत घ्यायचं, केव्हा अडवायचं ते तिच्या हातात. बदल्यात तिला दरसाल एक वाफा मिळे. कुठला, ते बांध बघून सगळे मिळून ठरवत. त्यामुळे त्याला क्रमांक नव्हता. जागेचा प्रकार बदलायचा तर पुढचं निम्मं काम पुन्हा लिहावं लागलं असतं, तेही कमळाकरसमोर. लीयाने कार्डावर शून्य पाडलं. यंत्राने ते निमूट घेतलं. शून्य म्हणजे वाफा नाही, आणि ज्यांना वाफा नाही त्यांना गाळायचं, हेही तिनेच त्याला सांगितलेलं होतं.

यंत्राने छापलेल्या यादीवरून वाटप झालं. रविवारी सखूबाई पनवेलच्या इस्रायल आळीत लीयाच्या दारात उभी राहिली.

"लीयाबाय, ह्या साली मला वाफा नाय बोलतात. तुज्या मशीनला म्हाईत हाय म्हणे."

"उघाडी कोण बघतंय मग?"

"मीच. पानी थांबतंय व्हय कुनासाठी?"

लीया तशीच तिच्याबरोबर मिठागरावर गेली. चेअरमन तुळशीराम बांधावरच होते. यंत्र चुकत नाही, असं त्यांनी तिलाच समजावलं.

"यंत्र नाही चुकलं, शेठ. शून्य मी घातलं. सखूबाईचं उत्तर माझ्या प्रश्नात बसत नव्हतं म्हणून."

"बरं. मग कितवा वाफा लिहू?"

लीयाने त्यांच्या हातातल्या वहीकडे बोट दाखवलं.

"आकडा नका लिहू. कसा ठरतो ते लिहा."

"हे तुझं मशीन वाचेल?"

"नाही. तुम्ही वाचा."

तुळशीराम हसले, पण त्यांनी लिहिलं. वाटप मात्र होऊन गेलं होतं. उरला होता कडेचा वाफा, जिथलं मीठ मातकट निघतं. सखूबाई चालेल म्हणाली.

परतताना बांध निसरडा होता. सखूबाईने लीयाचा दंड घट्ट धरला. "सांभाळून," ती म्हणाली. लीया खाली मान घालून चालत राहिली. शून्य पाडलं होतं ते याच हाताने; सखूबाईची पकड सोडवावीशी वाटत होती, पण सोडववली नाही.