टेथिसचा बसका खड्डा

शनीच्या टेथिस या चंद्रावर एक खड्डा आहे, साडेचारशे किलोमीटर रुंद. एवढा मोठा, पण बसका. त्याचा तळ चंद्राच्या गोलाईबरोबर वर आलेला. टेथिस जवळपास नुसत्या बर्फाचाच, पाण्याहून किंचित हलका. बर्फ हळूहळू वाहतो, म्हणून खड्डा उथळ झाला. खड्डा पडला त्या काळी टेथिस आतून उबदार होता, की गारठलेला बर्फही वाहतो, एवढंच मला शोधायचं होतं.

साप्पोरोच्या विद्यापीठात आमची शीतखोली होती. तिथली यंत्रं मुरासे-सान सांभाळायचे. तीस वर्षांची नोकरी, बोलणं मोजकं. मला ते मानाने 'सेन्सेई' म्हणायचे, शिक्षकांना म्हणतात तसं. आम्ही बर्फाची वडी उणे दीडशे अंशांवर दाबाखाली ठेवायचो आणि ती किती दबते ते बघायचो. आठवडे गेले, वडी हलेना. मग एका दुपारी ती चक्क दबली. मी नाचायचीच बाकी होते. मुरासे-साननी मला तापमापक दाखवला: उणे सत्तर. द्रव नायट्रोजन संपला होता.

मी म्हटलं, तापमापक अडकलाय, उणे दीडशेच लिहा. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

शोधनिबंध छापून आला, कौतुक झालं. दोन वर्षांनी परदेशातल्या एका गटाने तोच प्रयोग केला. त्यांचा बर्फ ढिम्म हलला नाही. विभागाने सहा जणांची बैठक बोलावली. मला विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की तापमापक मुरासे-सान लावायचे. ते उठले, कमरेत वाकले आणि चूक आपली असल्याचं म्हणाले. दोन महिन्यांनी निवृत्त झाले. निरोपाचं जेवण त्यांनी नको म्हणून कळवलं.

त्यानंतर मला शीतखोलीचं दार उघडवेना. ऑक्टोबरात मी ओतारूला त्यांच्या घरी गेले. ते अंगणात दोरीवर लांब पांढरे मुळे वाळत घालत होते.

"हातानाका-सेन्सेई, जरा बाजूला व्हा. मुळ्यांना ऊन लागू द्या."

मी बाजूला झाले, कमरेत वाकले आणि सगळं सांगून टाकलं.

"मला ठाऊक आहे की. मीच लिहिलं ना ते."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"आकडा खोटा, पण अक्षर माझंच. दुसऱ्याकडे बोट कुठल्या तोंडाने दाखवू?" त्यांनी दोरीची गाठ आवळली. "आणि मी सहा माणसांसमोर वाकलो होतो, सेन्सेई. तुम्ही मुळ्यांसमोर वाकताय."

सोमवारी मी त्याच सहा जणांना एकत्र बसवलं आणि उभं राहून खरं काय ते सांगितलं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. निबंध मागे घेतला गेला. माझा करार पुढे वाढवला नाही. आता मी आसाहिकावाच्या एका शाळेत विज्ञान शिकवते.

विभागाने मुरासे-सानना माफीपत्र पाठवलं, ते त्यांनी न उघडता परत केलं. माझं पत्र मात्र ठेवून घेतलं, असं त्यांच्या बायकोने फोनवर सांगितलं. तीन वर्षं झाली. उत्तर आलेलं नाही.