चाळीस खुर्च्यांची गच्ची

पवित्राने आपल्या लग्नासाठी चामराजपेटेतल्या घराच्या गच्चीवर खुर्च्या मांडून पाहिल्या. चाळीस मावल्या, एकही जास्त नाही. हॉलचं भाडं वाचलं, पण अप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, तोंड कोण आवरणार? ते कढीपत्ता आणायला गेले आणि भाजीवालीलाच आमंत्रण देऊन आले. दाढीला गेले, तर तिथल्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना. आकडा एकशेदहावर गेला तेव्हा पवित्रा अशी कडाडली की समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या रत्नम्माअक्काही हातचं सोडून ऐकत राहिल्या.

"स्वल्प थांब गं," अक्का म्हणाल्या. "आम्ही तुझ्या गच्चीवर कशाला यायचं? आपापल्या गच्चीवरूनच अक्षता टाकू. मध्ये गल्ली ती केवढी."

पवित्राला हसू फुटलं. पण अक्षता पोचतील? अक्कांनी मूठभर तांदूळ आणले, पदर खोचला आणि भिरकावले. ते पडले थेट खाली, ऑटो पुसत असलेल्या ड्रायव्हरच्या डोक्यावर.

त्याने केस झटकत वर पाहिलं. "लग्न कधी आहे?"

अप्पांनी तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि निमूट मिटलं.

पवित्राच कठड्यावरून वाकली. "रविवारी, अण्णा. घरच्या सगळ्यांना घेऊन या."