पंधरा वर्षांखालील मुलांसोबत पालक हवा

ग्लेनिसने तिकीटखिडकीच्या आतून काचेवर बोट ठेवून बाहेरची पाटी दाखवली. समोर तिची चौदा वर्षांची लेक टेसा उभी होती आणि टेसाच्या खांद्यावर हात टाकून ग्लेनिसची धाकटी बहीण नोरीन.

"पंधराच्या आतल्यांना आई किंवा बाप सोबत लागतो. मावशी चालत नाही."

"कमाल आहे तुझी!" नोरीन म्हणाली. "बहिणीला कायदा शिकवतेस? अख्खं गाव आत बसलंय."

गाव बसलं होतंच. शार्कचा पिक्चर, तोही आपल्याच बंदरावर घडलेला, म्हटल्यावर मंडळी बोटी किनाऱ्याला लावून आली होती. पाटीवर इशारेही ठळक होते: रक्तपात, भीतिदायक दृश्यं, शिवराळ भाषा. शिव्यांचं या बंदरात कुणाला अप्रूप नव्हतं म्हणा.

सकाळच्या चाचणी खेळात ग्लेनिसने तो पाहिला होता. शिंपले काढायला बुडी मारलेला नवरा रक्तबंबाळ होऊन शिडीपाशी येतो. बोटीवरची बायको त्याचा हात धरते. शार्क खाली ओढू लागतो तशी तीही पाण्याकडे घसरते, आणि जिवाच्या भीतीने हात सोडून देते. आठ वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या, कॉलमच्या अंत्यविधीनंतर, ग्लेनिसने हे एकाच माणसाला सांगितलं होतं. पिक्चरच्या शेवटी आभाराच्या यादीत त्या माणसाचं नाव होतं. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून ती मोकळी झाली असती. पाठच्या बहिणीने केलेलं गिळताही येईना.

गावाला ठाऊक होतं ते एवढंच की कॉलमला तिच्या हातातून हिसकून नेलं. आईने शेवटपर्यंत हात सोडला नाही, हे टेसा शाळेत अभिमानाने सांगायची.

"त्यांनी बोटीचं विचारलं, मी बोलत गेले," नोरीन हळूच म्हणाली. "नावं बदललीत की सगळी."

"तुझं नाही बदललं."

नोरीन पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

"आई, मग तूच चल ना," टेसा म्हणाली. "नाहीतर पुढच्या महिन्यात पंधरा पूर्ण होतायत. तेव्हा एकटी बघेन."

ग्लेनिसने खिडकी लावली आणि बाहेर आली.

"आत जाण्याआधी ऐक. पिक्चरमधली बायको हात सोडते."

"पिक्चरवाले काय, काहीही दाखवतात."

"मी सोडला होता, टेसा. मीच."

टेसाने आधी मावशीकडे पाहिलं. नोरीनने नजर चुकवली आणि पोरीला कळून चुकलं की आठ वर्षं हे दोघींना माहीत होतं, अंधारात होती ती एकटीच. ती मावशीच्या हाताखालून बाजूला झाली. आईजवळही आली नाही.

"बाबांनी तेव्हा वर पाहिलं होतं?"

"पिक्चरमध्ये तो..."

"मी पिक्चरमधलं विचारत नाहीये."